नॉब सातवर, व्हॉल्व्ह लाल: घरी बांधलेल्या गिटार अ‍ॅम्पचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातलं आहे. अ‍ॅम्प बांधणारा तरुण मेकॅनिकल डिझाइनच्या नोकरीत आहे, गिटार चांगली वाजवतो, आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, हा त्याचा पहिलाच अ‍ॅम्प. त्याची ओळख पटेल असं काही इथे लिहिलेलं नाही. व्होल्टेजचे आकडे मात्र मी दुरुस्तीच्या वेळी वहीत उतरवलेले, जसेच्या तसे आहेत.

आराखडा त्याने फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या 'चॅम्प' अ‍ॅम्पचा घेतला होता, ज्याला ५एफ१ म्हणून ओळखतात. पहिला अ‍ॅम्प बांधणाऱ्याने तोच निवडावा असं माझंही मत आहे. एक १२एएक्स७ (एकाच काचेत दोन अर्धे भाग असलेला, सिग्नल वाढवणारा व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकरला शक्ती देणारा आउटपुट व्हॉल्व्ह), एक ५वाय३ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) आणि हातावर मोजता येतील एवढे रेझिस्टर-कपॅसिटर. गिटारचा सिग्नल १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागातून व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे नॉबने बदलणाऱ्या रोधावर, येतो, तिथून दुसऱ्या अर्ध्या भागात, मग आउटपुट व्हॉल्व्हमध्ये आणि ट्रान्सफॉर्मरमार्गे स्पीकरला. स्पीकरच्या टोकावरून २२ किलोओहमचा एक रेझिस्टर मागे, दुसऱ्या अर्ध्या भागाच्या कॅथोडला येतो. (व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉन कॅथोडमधून निघून अ‍ॅनोडला पोचतात आणि मधला ग्रिड त्यांच्यावर ताबा ठेवतो.) हा निगेटिव्ह फीडबॅक: आउटपुटचा थोडा भाग उलट दिशेने मागे देऊन गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, आवरणं. या वाटेतला क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

६व्ही६ आणि ५वाय३ ऐवजी त्याने ईएल८४ आणि ईझेड८१ वापरले. आपल्याकडे हा बदल स्वाभाविक आहे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने हे व्हॉल्व्ह बनवले होते, आणि जुन्या रेडिओतून, मिरवणुकीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेले नग अजून हाती लागतात. ईसीसी८३ तर १२एएक्स७ चंच युरोपीय नाव. बाकीचं सामान तपकीर गल्लीतलं, चासीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा जुन्या बाजारातला. दोन्ही ट्रान्सफॉर्मर एका वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतलेले: पॉवर ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० व्होल्टचा, सोबत व्हॉल्व्हचे कॅथोड तापवणारं ६.३ व्होल्टचं हीटर वाइंडिंग. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ५ किलोओहम ते ८ ओहम.

काम देखणं होतं. टॅग बोर्डावर सगळे भाग एका रेषेत, डाग चकचकीत, तारा काटकोनात वळवून केबल टायने बांधलेल्या. मशीनच्या पॅनेलचं वायरिंग करणाऱ्या माणसाचा हात दिसत होता.

तक्रार

तीन गोष्टी होत्या. दहा-पंधरा मिनिटांत ईएल८४ चा अ‍ॅनोड मंद लाल व्हायचा. व्हॉल्यूमचा नॉब चारच्या पुढे गेला की आवाज वाढण्याऐवजी दबका आणि फाटका व्हायचा, सूर मध्येच गिळल्यासारखा तुटायचा. आणि गिटार न लावताही स्पीकरमधून सतत गुणगुण यायची.

चौथी गोष्ट त्याने जाता जाता सांगितली: "काका, गंमत म्हणजे पूर्ण दहावर नेला तर परत बरा वाजतो." तक्रारींच्या यादीत त्याने ती धरलीच नव्हती. माझ्या वहीत ती पहिल्या ओळीवर गेली. तेव्हा तिचा अर्थ पूर्ण लागला नव्हता, पण जो दोष नॉबच्या मधल्या पट्ट्यातच दिसतो तो एखाद्या जळक्या भागाचा नसतो, एवढं नक्की होतं.

तोवर झालेले उपाय

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा अ‍ॅम्प जोरात किंचाळला होता. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राइमरीची (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगची) दोन टोकं आपसांत बदलली आणि किंचाळणं थांबलं. हे अगदी बरोबर होतं: फीडबॅक उलटा जोडला गेला की हेच होतं आणि उपायही हाच.

त्यानंतर मात्र सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, ईएल८४ खराब आहे. त्याने दुसरा आणला, तोही लाल झाला. कुणी कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल जाऊ देणारा, डीसी अडवणारा) गळका ठरवला, दोन्ही बदलले. गुणगुणीसाठी पहिला फिल्टर कपॅसिटर २२ वरून १०० मायक्रोफॅरडचा केला. गुणगुण तसूभरही कमी झाली नाही. शेवटचा सल्ला फीडबॅकची तारच काढून टाकण्याचा होता, तो अजून अमलात यायचा होता. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यायचा विचारही पक्का होत आला होता.

प्रत्येक सल्ल्यात थोडंफार तथ्य होतं. अडचण अशी की एकाही बदलाआधी आणि नंतर मोजमाप घेतलेलं नव्हतं. त्यामुळे कुठल्या बदलाने काय झालं, किंवा काहीच झालं नाही, हे सांगणारा एकही कागद नव्हता.

वीज देण्याआधी

अशा अ‍ॅम्पमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो. म्हणून सुरुवात नेहमी तिथून. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने फिल्टर कपॅसिटरवर काही सेकंद धरायचा, मग मीटर लावून शून्याच्या जवळ आल्याची खात्री करायची. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना मीटरचं काळं टोक चासीला क्लिपने लावून ठेवायचं आणि एकच हात आत न्यायचा. तिसऱ्या पिनची अर्थिंगची तार चासीला स्क्रूने घट्ट आहे ना, हे मीटरने तपासायचं. स्पीकर किंवा ८ ओहमचा जाड रेझिस्टर आउटपुटला जोडल्याशिवाय वीज द्यायची नाही. लोड नसताना ट्रान्सफॉर्मरच्या प्राइमरीवर त्याचं इन्सुलेशन फोडण्याइतकं व्होल्टेज चढू शकतं.

मग इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड, ६० वॅटचा तारेचा बल्ब लावून, म्हणजे अ‍ॅम्पची वीज बल्बमधून जाते. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता, मग हीटर, मग रेक्टिफायर, शेवटी सगळे. बल्ब कुठेच भक्कन पेटला नाही. शॉर्ट नाही, ट्रान्सफॉर्मर ठीक. आता बल्ब काढून थेट वीज देता येत होती.

पहिला निर्णय: नॉब शून्यावर ठेवून मोजायचं

इथे दोन वाटा होत्या. गिटार लावून, दोष ऐकत ऐकत शोधायचं. किंवा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून आधी नुसत्या व्होल्टेजचा हिशेब जुळवायचा. दुसरी वाट घेतली. व्हॉल्यूम शून्यावर असताना दुसऱ्या अर्ध्या भागाचा ग्रिड जमिनीला टेकलेला असतो, त्यामुळे मागून पुढे काहीही येऊ शकत नाही. त्या स्थितीतही व्हॉल्व्ह लाल होत असेल तर ते दुखणं बहुधा आउटपुट व्हॉल्व्हच्या बायसचं (सिग्नल नसताना किती प्रवाह वाहावा ते ठरवणाऱ्या व्होल्टेजचं) आहे, सिग्नलचं नाही.

घरातला मेन्स २३८ व्होल्ट. पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर ३१२ व्होल्ट डीसी. ईएल८४ च्या सातव्या पिनवर, म्हणजे अ‍ॅनोडवर, २९८. नवव्या पिनवर, स्क्रीनवर (ग्रिड आणि अ‍ॅनोडमधली दुसरी जाळी), ३०३. दुसऱ्या पिनवर, ग्रिडवर, शून्य. तिसऱ्या पिनवर, कॅथोडवर, ८.७.

ग्रिडवरच्या शून्याने एक संशय तिथेच मिटवला. कपलिंग कपॅसिटर गळका असता तर मागच्या अ‍ॅनोडचं व्होल्टेज झिरपून ग्रिड काही व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला असता. कपॅसिटर बदलण्याचा खर्च या एका मोजमापाने वाचला असता.

कॅथोडला १३० ओहमचा रेझिस्टर होता. ८.७ भागिले १३० म्हणजे ६७ मिलिअँपिअर. त्यातले अंदाजे ७ स्क्रीनचे, उरलेले ६० अ‍ॅनोडचे. अ‍ॅनोड आणि कॅथोडमधलं अंतर २८९ व्होल्ट. गुणाकार केला की १७ वॅटच्या वर जातो. ईएल८४ चा अ‍ॅनोड १२ वॅटपर्यंत सहन करतो आणि स्क्रीन २ वॅटपर्यंत. स्क्रीनही इथे त्या रेषेवर होता. व्हॉल्व्ह लाल न होता तरच नवल.

पहिला दोष

१३० ओहम हा आकडा आला कुठून? डेटाशीटमधून. ईएल८४ च्या डेटाशीटमध्ये २५० व्होल्टच्या अ‍ॅनोडला साधारण १३५ ओहमचा कॅथोड रेझिस्टर आणि ४८ मिलिअँपिअर दिलेले असतात. आकडा खरा आहे, पण तो २५० व्होल्टचा आहे. २५०-०-२५० च्या वाइंडिंगमधून डीसी २५० येत नाही, शिखर व्होल्टेज भरलं जातं, म्हणून लोडखालीही तीनशेच्या वर जातो. त्यात आपल्याकडे रात्री उशिरा मेन्स २४० च्या पुढे असतो. स्क्रीनचं व्होल्टेज वाढलं की त्याच बायसवर प्रवाह बराच जास्त वाढतो.

पर्याय दोन. हाय व्होल्टेज खाली आणायचं, रेक्टिफायरनंतर जास्त वॅटेजचा रेझिस्टर घालून. किंवा कॅथोड रेझिस्टर वाढवायचा. पहिला उपाय व्हॉल्व्हच्या मर्यादेला जास्त धरून आहे, पण उष्णता वाढते आणि जोरात वाजवताना व्होल्टेज ढासळतं. काही वादकांना ते ढासळणं आवडतं. इथे बांधणाऱ्याला घट्ट आवाज हवा होता. २७० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावला. कॅथोडवर ११.६ व्होल्ट आले, म्हणजे ४३ मिलिअँपिअर. लोड हलका झाल्याने अ‍ॅनोड ३१३ वर गेला, पण हिशेब साडेअकरा वॅटवर आला. डेटाशीटच्या ३०० व्होल्टच्या मर्यादेपेक्षा हे किंचित वर आहे. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये ईएल८४ याहून वरही चालवलेले दिसतात, आणि वॅट आवाक्यात आहेत म्हणून तो निर्णय मला मान्य होता.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून अ‍ॅम्प अर्धा तास चालू ठेवला. लाली नाही.

लाली परत आली

गिटार न लावता नॉब सातवर नेला. काही मिनिटांत ईएल८४ पुन्हा लालसर झाला. स्पीकरमधून गुणगुण सोडून काहीही ऐकू येत नव्हतं.

या प्रकरणाचा मला वाटणारा गाभा इथे आहे. दोष दोन होते आणि दोघांचं लक्षण एकच होतं. पहिला सापडल्यावर 'बायस दुरुस्त केला, झालं' म्हणून झाकण लावणं सोपं होतं. शून्यावरची चाचणी पासही झाली होती. पण आवाज दबण्याची तक्रार बायसने समजत नव्हती, आणि तक्रारीतली एकही गोष्ट न उलगडता उरली तर काम संपलेलं नसतं.

सिग्नल नसताना नॉबच्या जागेवर व्हॉल्व्हचा ताप अवलंबून असेल तर अ‍ॅम्प स्वतःच सिग्नल तयार करतो आहे. ऐकू येत नाही म्हणजे तो कानाच्या पलीकडचा आहे, २० किलोहर्ट्झच्या वरचा. साधा आउटपुट ट्रान्सफॉर्मर ती शक्ती नीट स्पीकरपर्यंत पोचवत नाही, म्हणून ती व्हॉल्व्हमध्येच जळते. गिटारचा सूर या अदृश्य लाटेवर स्वार होऊन येतो आणि व्हॉल्व्हकडे त्याच्यासाठी जागाच उरत नाही. म्हणून दबका, तुटका आवाज.

ऑसिलोस्कोप नसताना

लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप त्याच्याकडे नव्हता, साधा डिजिटल मीटर होता. अशा मीटरची एसी रेंज पन्नास-साठ हर्ट्झसाठी बनवलेली असते, अल्ट्रासॉनिकला तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण डीसी रेंज पुरते. ऑसिलेशन, म्हणजे अ‍ॅम्पने स्वतःच तयार केलेली ही लाट, मोठं असलं की प्रत्येक शिखराला ईएल८४ चा ग्रिड कॅथोडपेक्षा वर जातो, तिथे प्रवाह ओढतो, आणि कपलिंग कपॅसिटर उलट बाजूने भारला जातो. परिणामी जिथे शून्य हवं तिथे ग्रिडवर निगेटिव्ह व्होल्टेज दिसतं. ग्रिड पॉझिटिव्ह दिसला तर गळका कपॅसिटर किंवा गॅस झालेला (आतली निर्वातता गेलेला) व्हॉल्व्ह. सिग्नलशिवाय निगेटिव्ह दिसला तर ऑसिलेशन. एका पिनवरचं चिन्ह एवढं सांगतं. मीटरच्या तारेने परिपथ बिघडू नये म्हणून तिच्या टोकाला १०० किलोओहमचा रेझिस्टर डागला.

नॉब हळूहळू फिरवत आकडे लिहिले. शून्य ते तीन: शून्य व्होल्ट. साडेचारला उणे ३. सातला उणे ८. नऊनंतर उतरू लागलं. दहाला जेमतेम उणे अर्धा.

खात्रीसाठी शेजारी ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला, मीडियम वेव्हवर पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या बाजूला रिकाम्या जागी. नॉब चारच्या पुढे सरकला की रेडिओवर शिट्ट्या उमटायच्या आणि नॉबबरोबर वरखाली सरकायच्या. मूळ लाट चौकोनी झाली की तिचे गुणित सूर मीडियम वेव्हपर्यंत पोचतात. पुढे एका मित्राचा स्कोप मिळाला तेव्हा मूळ लाट ४० किलोहर्ट्झच्या आसपास दिसली. स्कोपने नवीन काही सांगितलं नाही, फक्त चित्र दाखवलं.

समोरचे पर्याय

ऑसिलेशन आहे हे ठरलं, पण कुठून कुठे? पर्याय असे दिसत होते.

फीडबॅकची तार काढायची. ५एफ१ चा २२ किलोओहम हा ६व्ही६ साठी आहे. ईएल८४ त्याच्या अडीचपट संवेदनशील, त्यामुळे फीडबॅक मूळ आराखड्यापेक्षा बराच जास्त पडत होता, म्हणून हा संशय रास्त होता. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळायचा, प्राइमरीचे दोन भाग करून मध्ये सेकंडरी घालून. हाही उपाय चांगला, पण वेळखाऊ आणि महाग. ट्रान्सफॉर्मरच्या प्राइमरीवर छोटा हाय व्होल्टेज कपॅसिटर टाकून वरचे सूर दाबायचे. याने लक्षण झाकलं जातं आणि कारण तसंच राहतं, म्हणून तो मी शेवटच्या जागी ठेवला. किंवा तारांची मांडणी तपासायची.

नॉबची जागा काय सांगते

फीडबॅकचा फेरा कुठून जातो ते पाहा: स्पीकर, २२ किलोओहम, दुसऱ्या अर्ध्या भागाचा कॅथोड, ईएल८४, ट्रान्सफॉर्मर, पुन्हा स्पीकर. या फेऱ्यात व्हॉल्यूमचा पॉट येतच नाही. फेरा तिथलाच असता तर नॉब शून्यावर असतानाही ऑसिलेशन थांबलं नसतं.

आता समजा आउटपुटकडचा सिग्नल पॉटच्या आधी, म्हणजे इनपुट जॅकच्या तारेत शिरतो आहे. मग नॉब जितका वर तितकं ऑसिलेशन जास्त, आणि दहावर सर्वांत वाईट. इथे दहावर जवळजवळ थांबत होतं.

उरते एकच जागा: पॉटच्या मधल्या टांगेची तार. १ मेगओहमच्या पॉटचा सरकता काटा खाली असतो तेव्हा ही तार जमिनीला टेकलेली असते. अगदी वर असतो तेव्हा ती पहिल्या अर्ध्या भागाच्या अ‍ॅनोडला जोडली जाते, जिथला रोध ४० किलोओहमच्या आसपास. पण काटा रोधाच्या मध्यावर असताना वरचे आणि खालचे पाच-पाचशे किलोओहम समांतर येतात आणि तार अडीचशे किलोओहमवर जणू हवेत लटकते. तेव्हा जवळून जाणारा कुठलाही मोठा सिग्नल तिच्यात सहज शिरतो. व्हॉल्यूमचा पॉट लॉग प्रकारचा (रोध आधी हळू, मग झपाट्याने वाढणारा) असतो, म्हणून रोधाचा मध्य डायलवर पाचला न येता सात-आठच्या आसपास येतो. नेमकी तिथेच सर्वांत वाईट स्थिती होती.

आणि त्या तारेत शिरणारा मोठा सिग्नल कुणाचा? दुसऱ्या अर्ध्या भागात सिग्नल एकदा उलटतो, ईएल८४ मध्ये दुसऱ्यांदा. म्हणजे ईएल८४ चा अ‍ॅनोड आणि पॉटची तार एकाच दिशेने हलतात. दोघींमध्ये काही पिकोफॅरड जरी सापडले तरी तो पॉझिटिव्ह फीडबॅक होतो.

हे कागदावर मांडलं तेव्हा चासी अजून उघडी पडून होती, पण हात लावलेला नव्हता. मग कोरड्या बांबूच्या काडीने एकेक तार हलवून पाहिली, हाताने नाही, मीटरकडे डोळा ठेवून. पॉटपासून ईसीसी८३ च्या सातव्या पिनकडे जाणारी तार आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची निळी अ‍ॅनोडची तार एकाच केबल टायमध्ये, दहा-बारा सेंटिमीटर खेटून, समांतर बांधलेल्या होत्या. पॅनेल वायरिंगमध्ये हे उत्तम काम ठरलं असतं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ग्रिडची तार आणि अ‍ॅनोडची तार एकत्र बांधत नाहीत. त्यांना एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

केलेली दुरुस्ती

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकानंतर ग्रिडचं व्होल्टेज. या शिस्तीवर मी हटून बसलो, कारण आधीच्या सगळ्या खर्चाचं मूळ तिच्या अभावात होतं.

पहिल्यांदा फक्त टाय कापला आणि निळी तार चासीच्या कडेने वेगळी नेली. नॉब सातवर, ग्रिड शून्य. पूर्ण फेरीत कुठेच निगेटिव्ह नाही.

इथे थांबायचं का, हा पुढचा निर्णय. दोष गेला होता, पण किती अंतराने गेला हे माहीत नव्हतं. म्हणून फीडबॅकची तार मुद्दाम सोडवली. तिच्याशिवाय अ‍ॅम्पचं गेन वाढतं, म्हणजे लपलेली अस्थिरता असेल तर वर यायला हवी. आली: सातवर उणे १ व्होल्ट. 'फीडबॅक काढून टाक' हा सल्ला आधीच पाळला गेला असता तर ऑसिलेशन वाढलंच असतं, आणि त्या गोंधळात ट्रान्सफॉर्मर हकनाक बदलला गेला असता.

मग पॉटपासून ग्रिडपर्यंतची तार शिल्डेड घातली, शिल्ड एकाच टोकाला जमिनीला. एवढ्या लांबीच्या शिल्डेड तारेची कपॅसिटन्स गिटारच्या तिखट सुरांना जाणवण्याइतकी नसते. ईएल८४ च्या दुसऱ्या पिनवर, सॉकेटला अगदी चिकटून, ४.७ किलोओहमचा ग्रिड स्टॉपर, म्हणजे फार वरच्या वारंवारता अडवणारा रेझिस्टर. नवव्या पिनवर १ किलोओहमचा स्क्रीन रेझिस्टर. आता फीडबॅक असो वा नसो, नॉब कुठेही असो, ग्रिड शून्यावर आणि रेडिओ शांत.

गुणगुण

हा भाग लवकर उरकला. मेन्सची गुणगुण ५० हर्ट्झची असते तेव्हा ती बहुधा हीटरमधून किंवा मांडणीतून येते. फिल्टर कमी पडला तर १०० हर्ट्झची. गिटारवादकाला मीटरची गरज नाही. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी हा ९८ हर्ट्झचा. गुणगुण त्याच्याशी जवळपास जुळून मंद लाटा उठल्या तर १००, एक सप्तक खाली असेल तर ५०. त्याने वाजवून पाहिलं आणि लगेच म्हणाला, "खालची आहे." म्हणजे फिल्टर कपॅसिटर मोठा करून उपयोग होणारच नव्हता. उलट ईझेड८१ ला पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही; १०० मुळे दर वेळी चालू करताना रेक्टिफायरवर घाव पडत होता. तो ३३ चा केला.

हीटर वाइंडिंगला मध्य टोक नव्हतं आणि त्याची एक बाजू थेट चासीला जोडलेली होती. ती सोडवून दोन्ही बाजूंना १००-१०० ओहमचे रेझिस्टर लावले आणि त्यांचा जोड ईएल८४ च्या कॅथोडला, म्हणजे ११ व्होल्टच्या आसपास नेला. गुणगुण इतकी उतरली की गिटार हातात असताना ती शोधावी लागते.

निकाल

अ‍ॅम्प तेव्हापासून नियमित वाजतो आहे. नॉब शून्यापासून दहापर्यंत सरळ चढतो. सहानंतर सूर भरदार होत हळूहळू फाटायला लागतो, जे या जातीच्या अ‍ॅम्पकडून हवं असतं. फीडबॅकसाठी २२, ४७ आणि १०० किलोओहम लावून ऐकले. कानाने ४७ निवडला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर तोच आहे. एकावर एक गुंडाळलेला असल्याने तो वरचे सूर थोडे खातो, पण गिटारच्या स्पीकरचा आवाज पाच-सहा किलोहर्ट्झच्या पुढे तसाही उतरतो, त्यामुळे बदलण्याची घाई नाही.

दोन ईएल८४ बराच काळ लाल तापले होते. एकाचा प्रवाह नव्या नगापेक्षा बराच कमी झाला आहे, तो आता फक्त चाचणीसाठी ठेवला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, बांधण्याचा क्रम. पॉवर सप्लाय पूर्ण करून मोजायचा, मग फक्त ईएल८४ लावून त्याचा बायस जुळवायचा, त्यानंतरच ईसीसी८३. असं झालं असतं तर १७ वॅटचा हिशेब पहिल्याच संध्याकाळी समोर आला असता, आणि ऑसिलेशन उद्भवलं तेव्हा बायसचा संशय आधीच बाजूला झालेला असता. दोन दोष एकाच वेळी अंगावर आले नसते.

मांडणी कागदावर काढताना प्रत्येक तारेवर ती ग्रिडची आहे की अ‍ॅनोडची हे रंगाने दाखवायला हवं होतं. परिपथाच्या आराखड्यात तारेला लांबी आणि शेजार नसतो, चासीत असतो. मेकॅनिकल डिझाइनच्या माणसाला हे लगेच पटलं, त्याच्या कामात टॉलरन्सचं रेखाटन वेगळं असतंच.

वाइंडिंगवाल्याकडे जाताना नुसते २५०-०-२५० सांगण्याऐवजी किती मिलिअँपिअरला किती डीसी हवा, मेन्स किती धरायचा आणि हीटरला मध्य टोक हवं, हे लिहून द्यायला हवं होतं. वाइंडिंगवाल्याचा यात दोष नाही. मागितलं ते त्याने दिलं.

सिरीज बोर्ड आणि मीटर आधीही घरात होते. वही नव्हती. आता प्रत्येक पिनचं व्होल्टेज, तारीख आणि मेन्स एका पानावर आहे. ईएल८४ च्या कॅथोडवरून एक टेस्ट पॉइंट मागच्या पट्टीवर बाहेर काढला आहे. तिथे कमी व्होल्टेज असल्याने झाकण न उघडता मोजता येतं. अकरा ते बारा व्होल्टच्या बाहेर आकडा गेला, किंवा नॉब फिरवल्याबरोबर हलला, तर अ‍ॅम्प बंद करायचा, असं त्याने त्या पट्टीवर मार्करने लिहिलं आहे.